बी४-बी५ करावं कधी आणि नुसतं दाखवावं कधी: क्वीन्स गॅम्बिटचं एक्स्चेंज व्हेरिएशन

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बुद्धिबळात पांढऱ्याकडून तुम्ही क्वीन्स गॅम्बिट (१. डी४ डी५ २. सी४) खेळता, रेटिंग पंधराशेच्या आसपास आहे, आणि काळ्याने गॅम्बिट नाकारला की चौथ्या चालीला डी५वर मारामारी करून एक्स्चेंज व्हेरिएशनमध्ये शिरता. मायनॉरिटी अटॅक, म्हणजे वजिराकडची आपली कमी प्यादी काळ्याच्या जास्त प्याद्यांवर चढवण्याचा बेत, वाचलेला आहे. बी४-बी५ वेळेवर होतं, सी६चं प्यादं कमजोरही पडतं, पण ते हाती काही लागत नाही. तोवर काळ्याचे मोहरे तुमच्या राजाभोवती जमलेले असतात, आणि डाव एक तर मातीत जातो नाही तर बरोबरीत. म्हणून तुम्ही विचारलंय की बी४ नेमकं कितव्या चालीला करावं, आणि हा प्लॅन आपल्या पातळीवर खरोखर चालतो का.

चालीचा नंबर सांगता येत नाही. मी बरीच वर्षं मुलांना हे ओपनिंग शिकवतो आणि स्वतःही स्पर्धांत खेळतो. जवळजवळ प्रत्येक जण याच टप्प्यावर अडकतो, आणि अडकण्याचं कारण बी४ लवकर किंवा उशिरा झालं हे क्वचितच असतं. अडचण अशी असते की बी५ करायचं एवढंच डोक्यात असतं. पटावर कोणते मोहरे उरलेत आणि कोणते जायला हवे होते, हा हिशोब मागे राहतो. खरा प्रश्न तो आहे, म्हणून उत्तर त्याचं देतो. बी४ची वेळ त्यातून आपोआप निघेल.

आधी आपण एकाच स्थितीबद्दल बोलतोय ना, ते बघू. १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. सी×डी५ ई×डी५ ५. उंट जी५ उंट ई७ ६. ई३ सी६ ७. उंट डी३ घोडा बी-डी७ ८. वजीर सी२, मग काळ्याचं कॅसलिंग, ९. घोडा एफ३ हत्ती ई८ १०. तुमचं कॅसलिंग, घोडा एफ८. हीच ती. १९२३च्या कार्ल्सबाड स्पर्धेवरून या प्याद्यांच्या मांडणीला कार्ल्सबाड म्हणतात. वजिराच्या बाजूला तुमची ए आणि बी अशी दोन प्यादी, समोर काळ्याची ए७, बी७, सी६ अशी तीन. सी-फाइल (सीची उभी ओळ) तुमच्यासाठी अर्धी उघडी, म्हणजे तिच्यात तुमचं प्यादं नाही; ई-फाइल त्याच्यासाठी. त्याला ई४चं घर हवंय, तुम्हाला सी५ आणि ई५.

चौथ्या चालीला डी५वर मारून आपण काळ्याला एक मोठी गोष्ट फुकट देतो, हे विसरू नका. क्वीन्स गॅम्बिट नाकारणाऱ्याचं कायमचं दुखणं म्हणजे सी८चा उंट. ई६चं प्यादं हललं की त्याची वाट मोकळी होते. बदल्यात आपल्याला मिळते ठरून गेलेली रचना: मध्यातला ताण संपतो, काळ्याला डी×सी४ करून खेळ सोडवायची सोय राहत नाही, आणि आपल्याला पुढच्या वीस चालींचा नकाशा दिसतो. वजीर सी२ आणि उंट डी३ या दोन चाली म्हणूनच महत्त्वाच्या. त्या दोघांनी एफ५वर पहारा दिला की सी८चा उंट मोकळा असूनही त्याला चांगलं घर सापडत नाही. क्रम चुकवून आधी ई३ केलंत आणि काळ्याने लगेच उंट एफ५ केलं, तर निम्मी मेहनत वाया गेली असं समजा. वजीर एफ३ करून त्याची राजाकडची प्यादी मोडता येतात, पण वजीर जातात आणि तो एन्डगेम काळा आरामात धरतो.

आता दोन प्यादी तीन प्याद्यांवर का चढवायची? बी५ केल्यावर काळ्यापुढे जे पर्याय राहतात, त्यातला प्रत्येक त्याला काही ना काही किंमत मोजायला लावतो म्हणून. त्याने काहीच केलं नाही तर बी×सी६ बी×सी६ होऊन सी६ मागे राहिलेलं प्यादं बनतं, अर्ध्या उघड्या फाइलवर, आणि कुठल्याही प्याद्याचा जोर नसलेलं. त्याने सी×बी५ केलं तर डी५ एकटं पडतं. वरच्या स्थितीत तर उंट×बी५ करताच ई८चा हत्ती हल्ल्यात येतो, म्हणजे एक टेम्पोही, फुकटची चाल, मिळतो. त्याने सी५ ढकललं तर डी×सी५नंतर परत डी५ एकटं. शिवाय जी५चा उंट अजून जागेवर असेल तर उंट×सी५, मग उंट×एफ६ वजीर×एफ६, आणि घोडा×डी५. घोडा वजिरावर जातो आणि त्याच चालीने सी-फाइल उघडून तुमचा वजीर सी५च्या उंटावर येतो. प्यादं गेलं. म्हणून सावध काळा आधी ही पिन (जी५च्या उंटाने एफ६च्या घोड्याला जखडून ठेवणं) सोडवतो आणि मगच सी५चा विचार करतो. हे ध्यानात ठेवा: समोरच्याने एफ६च्या घोड्याची पिन सोडवली तर तुम्ही बी५ करण्याआधी त्याचं सी५ पुन्हा एकदा मोजायला हवं.

इथवरचं तुम्हाला बहुतेक माहीतच असेल. आता मोहऱ्यांचा हिशोब.

सगळ्यात आधी एफ६चा घोडा. या रचनेत काळ्याचा जीव त्याच घोड्यात आहे. तो ई४ला आला तर राजाकडचा हल्ला सुरू होतो; ई४वरून किंवा ई८वरून डी६ला गेला तर बी५, सी४, ई४, एफ५ एवढ्या घरांवर एकटा लक्ष ठेवतो. डी६वर काळा घोडा मजबूत बसलेला असताना केलेला मायनॉरिटी अटॅक मला तरी अर्धवट वाटतो. बी५ झालं तरी सी४चं घर त्याच्या ताब्यात राहतं आणि सी६वर दबाव टिकत नाही. त्यामुळे मी विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न विचारतो: हा घोडा ई४ला किती चालींत येतो, आणि आल्यावर तुम्ही काय करणार?

त्या एका चालीपाशी जरा थांबू, कारण तुमच्या पातळीवर डाव इथेच फिरतात. समजा ११. हत्ती ए-बी१ घोडा ई४ १२. उंट×ई७ वजीर×ई७. हात शिवशिवतात तेराव्या चालीला घोड्याने घोडा मारायला. मारू नका. डी×ई४नंतर ते एक प्यादं डी३चा उंट आणि एफ३चा घोडा दोन्ही धरतं. उंटाने प्यादं मारलं तर वजीर उंट उचलतो, आणि मागून ई८च्या हत्तीचा जोर असल्यामुळे तुमच्या वजिराला परत मारून काही मिळत नाही. एक मोहरा गेला. उंटाने ई४वर मारलंत तर गोष्ट वेगळी: उंट×ई४ डी×ई४ घोडा डी२ एफ५. तुमचा चांगला उंट गेला आणि काळ्याला राजाकडे जागा मिळाली, पण त्याचं डी५चं प्यादंही मध्यातून निघून गेलं. आता एफ३ने ई४ला धक्का देता येतो आणि डी५ची ढकल कायम हवेत राहते. हे चांगलं की वाईट, ते त्या डावावर अवलंबून आहे. काळ्याचे हत्ती एफ६-एच६च्या वाटेला लागले असतील तर मी ही मारामारी टाळतो. त्याचा वजिराकडचा विकास अपुरा असेल तर आनंदाने करतो. आणि काहीच ठरत नसेल तर १३. बी४ करून घोडा ई४वर तसाच ठेवण्यातही गैर नाही, फक्त दर चालीला एकदा त्याच्याकडे बघायचं.

ही सगळी डोकेदुखी नको असेल तर सरळ उपाय: ११. उंट×एफ६ उंट×एफ६ १२. बी४. जी५चा उंट देऊन टाकायचा. आपली डी४ आणि ई३ ही प्यादी काळ्या घरांवर आहेत, त्यामुळे त्या उंटाला फार मोठं भवितव्य नव्हतंच. काळ्याला दोन उंट मिळाले, पण ई४ला येणारा घोडा संपला. एफ८चा घोडा डी६ला न्यायचा म्हटलं तर चार चाली लागतात, आणि तेवढ्यात तुमचं बी५ होऊन जातं. तुमच्यासारख्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी आधी महिनाभर हेच खेळायला लावतो. यातून फार मोठा वरचष्मा मिळतो असं नाही. पण राजावरचा हल्ला बोथट होतो आणि बी५चा अर्थ शांतपणे शिकता येतो.

दुसरा हिशोब पांढऱ्या घरांच्या उंटांचा. यात थोडी गंमत आहे. काळ्याची सी६ आणि डी५ ही दोन्ही प्यादी पांढऱ्या घरांवर, म्हणजे त्याचा सी८चा उंट तत्त्वतः वाईट. तो तुमच्या डी३च्या उंटाबरोबर गेला तर काळा खूश. म्हणून तो उंट जी४-एच५-जी६ अशी तीन चालींची वारी करतो, किंवा जी६, घोडा ई६, घोडा जी७ करून एफ५वर उंट समोर आणतो. ही अदलाबदल बी५च्या आधी झाली तर ई४ आणि सी४ या दोन्ही घरांवरचा तुमचा पहारा ढिला पडतो, आणि काळ्याचे घोडे तिथे येऊन बसतात. पण बी×सी६ होऊन सी६ कमजोर पडल्यानंतर चित्र उलटतं. आता त्या प्याद्याला जोर देणारा मुख्य मोहरा हाच वाईट उंट असतो. तो गेला की सी६ उघडं पडतं. म्हणजे एकच अदलाबदल बी५च्या आधी काळ्याला हवी आणि नंतर तुम्हाला. हे मी नियम म्हणून सांगत नाही, अपवाद भरपूर आहेत. पण चाल निवडताना तराजू कुठे झुकतो ते यावरून पटकन कळतं.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण म्हणजे स्मिस्लोव्ह विरुद्ध केरेस, १९४८ची जगज्जेतेपदाची स्पर्धा. वरच्याच स्थितीतून स्मिस्लोव्हने ११. हत्ती ए-बी१ केलं, केरेसने घोडा जी६, मग बी४ उंट डी६, बी५ उंट डी७, बी×सी६ उंट×सी६. केरेसने प्याद्याने परत मारलं नाही, उंटाने मारलं. सी६वर कमजोर प्यादं नकोच, असा विचार. पुढे बघा: वजीर बी३ने बी७वर नजर, उंट×एफ६ने तो घोडा बाद, आणि मग उंट बी५. सी६चा उंट आता पिंजऱ्यात. केरेसने दरम्यान राजाकडे एच५-एच४ सुरू केलं. स्मिस्लोव्हने सी३चा घोडा ई२ला नेऊन सी-फाइल मोकळी केली, सी६वर उंट मारला, काळ्याला बी×सी६ करावंच लागलं, मग वजीर ए४, आणि थोड्याच चालींत हत्ती बी७वर, सातव्या ओळीत.

आणि आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. सी६चं ते प्यादं शेवटी पडलंच नाही. केरेसने सी५ करून ते सोडवलं आणि डी४वर त्याची अदलाबदल झाली. पडलं ते एच४चं प्यादं. चौथ्या ओळीतले मोहरे बाजूला झाल्यावर ए४चा वजीर थेट एच४पर्यंत गेला आणि हल्ल्यासाठी पुढे ढकललेलं प्यादं उचललं. पुढे ए-प्यादंही गेलं आणि डाव स्मिस्लोव्हने जिंकला. सी६ने केलं एवढंच की काळ्याच्या मोहऱ्यांना त्याच्याभोवती बांधून ठेवलं, आणि बांधलेल्या मोहऱ्यांना एच४ सांभाळता आलं नाही.

तुमच्या डावांत काय होतं? बी×सी६ झालं की तुमचे दोन्ही हत्ती, वजीर आणि एक घोडा सी६वर रोखून उभे राहतात. काळा चार मोहऱ्यांनी राखण करतो. चार विरुद्ध चार, पुढे काहीच नाही. एका कमजोरीवर डाव जिंकणं अवघड असतं, कारण एक घर राखायला लागतात तेवढे मोहरे समोरच्याकडे बहुतेक वेळा असतातच. त्यामुळे सी६ला धरल्यावर मी लगेच दुसरं ठिकाण शोधायला सांगतो: सातवी ओळ, ए७, एच-प्यादं, कधी मध्यात ई४ची ढकल. आणि हो, बी×सी६ करायची घाई नको. बी५वर प्यादं असताना काळ्याला दर चालीला तीन पर्याय मोजावे लागतात. मारून टाकलंत की त्याची काळजी मिटते, शिवाय बी-फाइल दोघांनाही उघडते. ती फाइल आपल्याच हत्तीकडे राहणार आहे याची खात्री झाली की मारा.

आता दुसरी बाजू, म्हणजे तुमच्या राजाची. साधी मोजणी करू. वरच्या स्थितीतून हत्ती बी१, बी४, बी५, बी×सी६ या चार चाली. मध्ये काळ्याने ए५ केलं तर तुम्हाला ए३ लागेल, म्हणजे पाच. ए६ केलं तर ए४ लागेल. तेवढ्याच चार चालींत काळा घोडा ई४, एफ५, हत्ती ई६, हत्ती एच६ करतो. शर्यत बरोबरीची, पण तुमच्या शर्यतीच्या शेवटी एक प्यादं आहे आणि त्याच्या शर्यतीच्या शेवटी राजा. त्यामुळे तुम्हाला कुठेतरी एक चाल हल्ल्यातली हवा काढण्यासाठी खर्च करावीच लागते. ती उंट×एफ६ असेल, ई७वरची उंटांची अदलाबदल असेल, नाही तर घोडा ई५ असेल. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या हरलेल्या डावांत ही एक चाल वाचवलेली दिसते. आपल्या कामात सगळे इतके गुंग असतात की समोरच्याच्या चौथ्या मोहऱ्याने राजाकडे तोंड वळवलं हे लक्षातच येत नाही.

ए५बद्दल थोडंसं, कारण पंधराशेच्या पातळीवर ते वारंवार येतं. काळ्याने ए५ केलं, तुम्ही ए३, मग बी४ आणि ए-प्याद्यांची अदलाबदल. अनेकांना वाटतं ए-फाइल काळ्याला मिळाली म्हणजे प्लॅन फसला. तसं नाही. त्याला फाइल मिळाली हे खरं, पण तुमचं मागे राहणारं ए-प्यादंही गेलं, म्हणजे नंतर तुमची कमजोरीच उरली नाही. ए-फाइलवरून आत शिरायला त्याला चांगलं घर लागतं, आणि ए३, ए२ तुम्ही राखू शकता. घाबरू नका.

घाबरायचं असेल तर बी४वर त्याच्या बी५ला थोडं घाबरा. दिसायला ती वेडी चाल वाटते, सी६ स्वतःहून मागे ठेवणारी. पण सी४वर घोडा येऊन बसला की सी-फाइल बंद आणि तुमचा सगळा वजिराकडचा खेळ थंड. उंटाने तो घोडा मारलात तर बी×सी४ने त्याचं प्यादंच सुधारतं. इथे परत घोड्याचं अंतर मोजायचं: एफ८वरून असो वा एफ६वरून, सी४ला यायला तीन चाली. तेवढ्यात ए४ने बी५ला धक्का देता येतो का, किंवा ई४ फोडता येतं का? येत असेल तर त्याचं बी५ वाईट. येत नसेल, आणि पांढऱ्या घरांचे उंट आधीच गेले असतील, तर बी४ करण्याआधी दोनदा विचार करा.

शेवटची मोठी गोष्ट, आणि माझ्या मते हेच तुमचं उत्तर आहे: या ओपनिंगमध्ये बी४-बी५ हा एकच प्लॅन नाही, आणि बाकीच्यांच्या सावलीतच त्याला धार येते. घोडा एफ३ऐवजी ई२ला नेला की एफ-प्यादं मोकळं राहतं आणि एफ३-ई४ शक्य होतं. बोट्विनिक विरुद्ध केरेस, १९५२ची सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धा. (बिचारा केरेस, दोन्ही डावांत काळी मोहरी त्याचीच.) बोट्विनिकने घोडा ई२, कॅसलिंग, आणि अकराव्या चालीला हत्ती ए-बी१. म्हणजे मायनॉरिटी अटॅक येणार असंच वाटावं. पुढच्या चालींत राजा एच१, एफ३, आणि चौदाव्या चालीला तोच हत्ती बी१वरून ई१ला. बी४ झालंच नाही. मग घोडा जी३-एफ५, अदलाबदल, विसाव्या चालीला ई४, बाविसाव्याला ई५, आणि चोविसाव्याला घोडा डी६वर. बरोबर त्याच घरात, जिथे काळ्याला आपला घोडा हवा असतो. डाव एकतर्फी झाला. हत्तीच्या त्या दोन चाली वाया गेल्या असं कोणी म्हणू शकेल. मला वाटतं धमकी दाखवून हत्ती परत आणण्यात काहीच वाया गेलं नाही.

तिसरी वाट राजाकडे एच४ ढकलण्याची, बहुतेक लांब कॅसलिंगसह. १९२७च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात, ब्यूनोस आयर्सला, बत्तिसाव्या डावात आलेखाईनने कापाब्लांकाविरुद्ध घोडा ई२-जी३ आणि एच४ असं खेळून, कॅसलिंग न करताच, डाव जिंकला, आणि त्यानंतर दोन डावांनी जगज्जेता झाला. रॅपिडमध्ये ही वाट मजेची आहे. क्लासिकलमध्ये समोरचा तयारीचा निघाला तर तुमच्या राजावरचाच हल्ला जोरात येतो, म्हणून मी ती सरसकट सुचवत नाही.

तर तुमच्या पातळीवर काय खेळावं? तुमचा स्वभाव आणि वेळेचं बंधन यावर ते बरंच अवलंबून आहे. दहा मिनिटांच्या डावात मायनॉरिटी अटॅक खेळणाऱ्याला संयम लागतो आणि हल्ला करणाऱ्याला फक्त उत्साह. त्यामुळे तिथे घोडा ई२ आणि एफ३-ई४ मला जास्त सोपं वाटतं, किमान तुमचे मोहरे राजाजवळ तरी राहतात. तासभराहून मोठ्या डावात घोडा एफ३ आणि उंट×एफ६ घेऊन बी५चा अभ्यास करा. घोडा तिसऱ्या-चौथ्या चालीलाच एफ३ला नेण्याची सवय असेल तर ती मोडा: त्याने ई२चा पर्याय जातोच, शिवाय वजीर सी२ला काळा जी६ करून उंट एफ५ आणतो. ई२-एफ३ ठरवायला आठव्या-नवव्या चालीपर्यंत थांबता येतं. इंजिन (बुद्धिबळाचा संगणकी प्रोग्राम) दोन्हीकडे पांढऱ्याला जेमतेम थोडंसं प्लस दाखवेल. त्या आकड्यावरून निवड करू नका.

सरावासाठी एक सांगतो. दहाव्या चालीनंतरची स्थिती मांडून मित्राबरोबर तोच डाव परत परत खेळा, आणि निम्मे डाव काळ्याकडून. ई४वर घोडा बसवून हत्ती एच६ला आणण्यात किती मजा आहे हे एकदा कळलं की पांढऱ्याकडून खेळताना तो घोडा आधीच दिसायला लागतो. कारो-कानचं एक्स्चेंज व्हेरिएशन म्हणजे याच रचनेचे रंग उलटे, तिथे बी५-बी४ काळा करतो. फिशरने १९७०मध्ये बेलग्रेडला पेट्रोशियनविरुद्ध पांढऱ्याकडून तेच खेळून आधी ए४ने वजिराकडची ढकल रोखली, मग ई५वर घोडा आणि एफ४. तुम्हाला तुमचे हरलेले डाव समोरून बघायचे असतील तर तो डाव बघा.

चालींच्या क्रमाचे दोन बारकावे राहिले. तुम्ही चौथ्या चालीला डी५वर न मारता आधी उंट जी५ केलंत, तर काळा कधी कधी घोडा बी-डी७ करतो. तेव्हा सी×डी५ ई×डी५नंतर डी५चं प्यादं फुकट दिसतं, कारण एफ६चा घोडा पिनमध्ये आहे. घोडा×डी५ करू नका. तो घोडा×डी५ करतो, तुम्ही वजीर घेता, मग उंट बी४ शह, आणि वजीर मध्ये घालण्यावाचून दुसरी चाल नाही. वजीर परत गेला आणि वर एक मोहरा काळ्याचा. दुसरं म्हणजे तिसऱ्याच चालीला उंट ई७ करणारे खेळाडू. ते जी५च्या पिनला आधीच नकार देतात, त्यामुळे अदलाबदलीनंतर उंट एफ४ला न्यावा लागतो, आणि सी६, उंट एफ५ करून काळ्याचा तो दुखरा उंट सुखरूप बाहेर पडतो. तिथे बी४-बी५चा नाद सोडा. १९६३च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात बोट्विनिकने पेट्रोशियनला त्याच स्थितीत जी४ करून उंटालाच हाकललं होतं. तुमच्याविरुद्ध असं कोणी खेळत असेल तर आधी त्या सामन्यातले डाव बघून घ्या.